जुना ट्रॅक्टर घेताय? आधी त्याने काय ओढलंय ते बघा

जुना ट्रॅक्टर बघायला गेलेला नवखा माणूस पहिल्यांदा विचारतो, "मॉडेल कितीचं?" मालक सांगतो २०१७. मग टायरला लाथ मारायची, बॉनेटवर हात फिरवायचा, सेल्फ मारून आवाज ऐकायचा आणि भाव ठरवायला बसायचं. कोल्हापूर जिल्ह्यात या क्रमाने गेलेला माणूस हमखास फसतो. इथे २०१७ चा ट्रॅक्टर सहा हंगाम उसाची डबल ट्रॉली ओढून खिळखिळा झालेला असतो, आणि शेजारच्या गावात २०११ चा, घरच्या पाच एकरांत फिरलेला, अजून कंपनीच्या क्लच प्लेटवर चालत असतो. म्हणून पहिला प्रश्न कामाचा. प्रत्येक काम ट्रॅक्टरची ठरावीक जागा खातं. काम कळलं की कुठे वाकून बघायचं तेही कळतं.

काम कुठलं, झीज कुठली

करवीर, कागल, हातकणंगले, शिरोळ भागातला मोठा ट्रॅक्टर बहुधा साखर कारखान्याला ऊस वाहायला लागलेला असतो. भरलेल्या दोन ट्रॉल्या म्हणजे वीस टनांच्या आसपास वजन. ते ओल्या सरीतून रस्त्यावर काढताना ड्रायव्हर अर्धा क्लच धरून रेस देतो. क्लच प्लेट तिथेच जळते. क्राऊन-पिनियन (मागच्या चाकांना जोर देणारी गिअरची जोडी), मागचे ट्रम्पेट (ॲक्सलची दोन्ही बाजूंची आवरणं), हिचचा म्हणजे ट्रॉलीच्या हुकाचा ब्रॅकेट आणि ब्रेक या वजनाखाली झिजतात. गंमत अशी की अशा ट्रॅक्टरचं इंजिन बऱ्याचदा ठणठणीत असतं. ते गरम होऊन तासन्‌तास एका लयीत चालतं, आणि हंगामात गाडी उभी राहिली तर खेपा बुडतात म्हणून ऑइल वेळेवर बदललेलं असतं. इंजिनाचा आवाज ऐकून खूश होणारा इथेच गंडतो.

गगनबावडा, राधानगरी, शाहूवाडी, आजरा, चंदगड या भातपट्ट्यातल्या ट्रॅक्टरचे तास कमी दिसतात. पण चिखलणीत तो गुडघाभर चिखलात फिरलेला असतो. केज व्हील, म्हणजे चिखलातली लोखंडी पिंजऱ्याची चाकं, लावून फिरवल्यावर मागच्या ॲक्सलच्या ऑइल सीलवर ताण येतो, पुढच्या हबमध्ये चिखल शिरतो, गिअर बॉक्समध्ये पाणी जातं. तिथे इंजिनाआधी सील, बेअरिंग आणि गिअर ऑइल बघायचं.

भाड्याने रोटाव्हेटर मारणाऱ्याचं पीटीओ (मागे अवजार फिरवणारा शाफ्ट) आणि अवजार उचलणारी लिफ्ट झिजलेली असते, आणि सुक्या मातीच्या धुळीने इंजिनही. अंगद गाड्या, म्हणजे उसाच्या छोट्या गाड्या, ओढणारा छोटा ट्रॅक्टर असेल तर त्याला कारखान्याच्याच ट्रॅक्टरचे निकष लावा.

मालक "घरचंच काम हो" म्हणेल. खातरजमा हुक करतो. मागच्या हिचची पिन काढा आणि भोकात बोट फिरवा. घरच्या ट्रॅक्टरचं भोक गोल असतं. ऊस ओढलेल्याचं अंड्यासारखं लांबट झालेलं असतं, किंवा वेल्डिंगने भरून पुन्हा पाडलेलं असतं. हिचच्या ब्रॅकेटखाली जाड पट्टी वेल्ड केली असेल, पुढच्या बंपरवर दगड किंवा जादा वजन बांधल्याच्या खुणा असतील, तर हा ट्रॅक्टर कुठे गेलाय हे मालकाला विचारायची गरज नाही.

तासांचा हिशेबही करून बघा. हंगाम चार-साडेचार महिन्यांचा, दिवसाला दहा तास धरले तरी एका हंगामात बाराशे तास होतात. सहा हंगामांचा ट्रॅक्टर मीटरवर २,८०० दाखवत असेल तर मीटर बंद होता किंवा बदलला. मीटरपेक्षा क्लच पेडल खरं बोलतं. पेडलवरच्या रेघा पुसून लोखंड गुळगुळीत झालं असेल तर तास मीटरवर दिसतात त्यापेक्षा बरेच जास्त आहेत.

कधी जायचं, काय न्यायचं

हंगाम संपल्यावर, म्हणजे एप्रिल-मेमध्ये, वाहतूकदार ट्रॅक्टर काढतात. तेव्हा बाजारात माल भरपूर असतो. सप्टेंबरपासून भाव चढतात. दसऱ्याच्या मुहूर्तावर घ्यायचा हट्ट असेल तर जास्त पैसे आणि ताजा रंग, दोन्हीची तयारी ठेवा.

आपला मेकॅनिक न्या आणि त्याची दिवसाची मजुरी तुम्ही द्या. तो विकणाऱ्याच्या गावचा नको. सोबत टॉर्च, पांढरं फडकं, साधा मल्टिमीटर, छोटं लोहचुंबक, पुठ्ठ्याचा तुकडा आणि जॅक. जाण्याआधी फोनवर एकच गोष्ट सांगा: आम्ही येईपर्यंत चालू करू नका.

थंड इंजिन

पोचल्यावर हात इंजिनाला लावा. कोमट असेल तर त्याने आधी चालू करून ठेवलाय, म्हणजे थंडीत उठत नसावा. अशा वेळी चहा घ्या, दोन तास थांबा किंवा दुसऱ्या दिवशी सकाळी या.

चालू करण्याआधी डिपस्टिक काढा. ऑइल काळं असणं चालतं, डिझेल इंजिनात ते लवकरच काळं होतं. बघायचं आहे ते प्रमाण आणि वास. खुणेच्या वर असेल आणि डिझेलचा वास येत असेल तर डिझेल पंपातून किंवा डिझेल फवारणाऱ्या नोझलमधून डिझेल खाली उतरतंय. पातळ झालेलं ऑइल बेअरिंग खातं. ऑइल दुधाळ असेल किंवा झाकणाच्या आत पांढरट लोण्यासारखा थर असेल तर पाणी आलंय: हेड गॅस्केट, लायनरची (पिस्टन ज्यात फिरतो त्या नळीची) रबर रिंग किंवा हेडला तडा. रेडिएटरचं झाकण उघडून आत तेलाचा तवंग आहे का पाहा. हे झाकण इंजिन थंड असतानाच उघडायचं, गरम असताना उघडलं तर उकळतं पाणी तोंडावर येतं. रेडिएटरच्या जाळीत पाचट अडकून बसलेलं असेल तर ट्रॅक्टर तापून चाललेला असण्याची शक्यता धरा.

आता एअर फिल्टर. बहुतेक जण इथे बघतच नाहीत आणि सगळ्यात महागडं नुकसान इथूनच होतं. फिल्टरपासून इंजिनाकडे जाणारा रबरी पाइप सोडवा. क्लॅम्पचा एक स्क्रू असतो. पांढरं फडकं बोटाला गुंडाळून पाइपच्या आत, इंजिनाच्या बाजूला फिरवा. फडकं स्वच्छ किंवा नुसतं तेलकट आलं तर ठीक. लालसर-तपकिरी बारीक माती आली तर ती फिल्टर चुकवून आत जात होती. ती माती पिस्टन रिंग आणि लायनर पॉलिश पेपरसारखी घासते. पाइपला चीर आहे का, क्लॅम्पच्या जागी तार गुंडाळलीय का, तेही तेव्हाच बघा. फिल्टर नवा कोरा आणि पाइपमध्ये माती असेल तर फिल्टर कालच बसवलाय, एवढंच समजायचं.

मग सेल्फ. चांगलं इंजिन दोन-तीन सेकंदांत उठतं. बॅटरी स्थिर असताना १२.६ व्होल्टच्या आसपास आणि इंजिन चालू असताना साधारण १३.८ ते १४.४ दाखवायला हवी. चालू झाल्यावरही १२.४ वरच राहिली तर अल्टरनेटर चार्ज करत नाही. ही दुरुस्ती छोटी आहे, तिच्यावरून सौदा मोडू नका.

सुरुवातीचा थोडा पांढरा धूर चालतो. इंजिन गरम झाल्यावर निळसर धूर राहिला तर ऑइल जळतंय. पांढरा धूर जातच नसेल तर पाणी आत जातंय किंवा नोझल-टायमिंग बिघडलंय. लोड दिल्यावर क्षणभर काळा धूर येणं नैसर्गिक, सतत काळा असेल तर हवा कमी पडतेय किंवा नोझल खराब आहेत. काही जण जोर वाटावा म्हणून पंपाचं डिझेल वाढवून ठेवतात. पंपाचं सील तुटलेलं असेल तर तो संशय घ्या.

इंजिन मंद चालू असताना ऑइल भरायचं झाकण काढून तळहात वर धरा. हलकी फुंकर लागली तर चालेल. आगगाडीसारखा धूर भसाभसा आला, हात तेलाने ओला झाला, तर रिंग-लायनर गेले. ब्रिदरच्या, म्हणजे इंजिनातली वाफ बाहेर सोडणाऱ्या पाइपखालची जमीन किंवा ॲक्सल तेलाने काळा असेल तर तीच गोष्ट. ट्रॅक्टरखाली पुठ्ठा सरकवून ठेवा. तपासणी होईपर्यंत कुठून किती थेंब पडतात ते त्यावर दिसेल.

क्लच, गिअर, मागचा ॲक्सल

क्लच तपासणं सोपं आहे. मोकळ्या जागी, समोर कुणी नसताना, दोन्ही ब्रेक पेडल जोडून घट्ट दाबा, सगळ्यात वरचा गिअर टाका, रेस थोडी ठेवा आणि क्लच हळूहळू सोडा. इंजिन लगेच बंद पडलं तर प्लेट धरतेय. इंजिन चालूच राहिलं आणि जळका वास आला तर प्लेट संपली. ही चाचणी एकदाच करा. पेडलला साधारण एक इंच मोकळी चाल हवी. ड्युएल क्लच असेल तर अर्धा दाबल्यावर चाल तुटते आणि पूर्ण दाबल्यावर पीटीओ थांबतो. दोन्ही वेगवेगळं होतंय का बघा. क्लचसाठी ट्रॅक्टर मधोमध फोडावा लागतो, त्यामुळे प्लेटच्या किमतीएवढंच मजुरीकडेही लक्ष ठेवा. नवी प्लेट कालच टाकली म्हणत असतील तर बेल हाउसिंगच्या (क्लचभोवतीच्या आवरणाच्या) बोल्टवर पान्याच्या ताज्या खुणा दिसल्या पाहिजेत.

गिअर उतारावर कळतात. मधला गिअर टाकून रेस सोडा आणि ट्रॅक्टर उताराला लागू द्या. लिव्हर उडी मारून न्यूट्रल होत असेल तर दाते गोल झालेत किंवा गिअर सरकवणारा फोर्क झिजलाय. रिव्हर्समध्येही हेच बघा, कारण ट्रॉली मागे घेताना त्याचे सगळ्यात जास्त हाल होतात. क्राऊन-पिनियन गेला की भरल्या ट्रॉलीला चढावर घुंईंऽ असा रडका आवाज येतो आणि रेस सोडली की त्याचा सूर बदलतो. रिकाम्या ट्रॅक्टरवर हा आवाज लपतो. म्हणून लोडवर चालवल्याशिवाय पैसे देऊ नका.

गिअर ऑइलची परीक्षा रात्रभर उभ्या असलेल्या ट्रॅक्टरवर करायची. मालकाच्या परवानगीने खालचा ड्रेन बोल्ट नुसता सैल करा आणि पहिलं कपभर ऑइल भांड्यात घ्या. पाणी जड, ते तळाला बसतं आणि आधी तेच बाहेर येतं. तेल कॉफीच्या रंगाचं आलं तरी पाणीच. तेलात बुडालेले ब्रेक असलेल्या बऱ्याच मॉडेलांत गिअर, लिफ्ट आणि ब्रेकचं ऑइल एकच असतं, त्यामुळे तिथलं पाणी तिन्हींना त्रास देतं. आता चुंबक भांड्यात फिरवा. करडी पेस्ट चिकटली तर ती रोजची झीज. चमचमणारे तुकडे किंवा खपल्या निघाल्या तर आत दात तुटलाय, आणि अशा ट्रॅक्टरची किंमत भंगाराच्या बाजूने मोजायला सुरुवात करायची.

ट्रम्पेट आणि मधल्या हाउसिंगच्या जोडावर टॉर्च मारा. कारखान्याच्या ट्रॅक्टरमध्ये इथे बोल्ट ढिले होऊन तेल पाझरतं, क्वचित हाउसिंगलाच केसासारखी चीर जाते. धुऊन पुसून आणलेल्या ट्रॅक्टरमध्ये चीर दिसत नाही, अर्धा तास चालवल्यावर तिथे ओली रेघ उमटते. जोडावर ताजं लाल किंवा राखाडी सीलंट दिसलं तर ते का लावलं हे विचारा.

ब्रेक डावा-उजवा वेगवेगळा दाबून बघा. दोन्ही जोडल्यावर ट्रॅक्टर सरळ थांबायला हवा. एका बाजूला ओढला तर ॲडजस्टमेंट किंवा ब्रेकचे लायनर. ट्रॉली ओढणार असाल तर यात सूट नाही.

लिफ्ट आणि पीटीओ

लिफ्टची परीक्षा रिकामी लिंक वर-खाली करून होत नाही. मालकाचा रोटाव्हेटर जोडायला सांगा, पूर्ण उचला, इंजिन बंद करा आणि घड्याळ लावा. त्याच्याखाली कुणी जायचं नाही. दहा-पंधरा मिनिटांत तो डोळ्यांना जाणवेल इतका खाली येऊ नये. इंजिन चालू असताना लिफ्ट उचक्या देत असेल, म्हणजे थोडी उतरते आणि पुन्हा झटक्याने वर जाते, तर सिलिंडरचं सील किंवा कंट्रोल व्हॉल्व्ह गळतोय. ते काम फार मोठं नाही. पण गरम झाल्यावर लिफ्ट उचलायलाच तयार नसेल तर हायड्रॉलिक पंपावर खर्च आहे.

पीटीओचा सहा दातांचा शाफ्ट हाताने धरून वर-खाली हलवा. खडखड आली तर बेअरिंग. दातांच्या कडा तलवारीसारख्या धारदार झाल्या असतील तर खूप रोटाव्हेटर मारलाय. शाफ्टच्या मुळाशी सील गळतंय का तेही बघा. हे सगळं इंजिन बंद ठेवून.

पुढचा ॲक्सल, टायर

पुढचं चाक जॅकवर उचला. वर-खाली धरून हलवलं आणि खेळलं तर किंगपिन (चाक ज्यावर वळतं ती पिन) किंवा हब बेअरिंग, डावी-उजवीकडे खेळलं तर टाय रॉडचे एंड. दोन्ही स्वस्त कामं आहेत, भाव पाडायला उपयोगी. हबची टोपी काढून ग्रीस बघा. करडी, पाणचट ग्रीस म्हणजे चिखल आत गेलाय. साध्या स्टिअरिंगला दोन-तीन बोटं मोकळी चाल असतेच, अर्धा फेरा फिरल्यावर चाक हललं तर बॉक्स उघडावा लागेल.

टायरच्या बाजूला चार आकडी शिक्का असतो. २३१९ म्हणजे २०१९ मधला तेविसावा आठवडा. नक्षी शिल्लक असूनही बाजूने उन्हाच्या भेगा पडल्या असतील तर तो टायर ट्रॉलीच्या वजनाखाली फुटेल. मागची नवी जोडी चाळीस-पन्नास हजारांच्या घरात जाते, तेव्हा टायर हा भावातला मोठा आकडा आहे. टायरमध्ये पाणी भरून चालवलं असेल तर व्हॉल्व्हच्या भोवती रिम आतून गंजते. तिथला रंग फुगलाय का, बोटाने दाबून पाहा.

पुरातला ट्रॅक्टर

२०१९ आणि २०२१ च्या महापुरात चिखली-आंबेवाडीपासून शिरोळपर्यंत कितीतरी वाहनं पाण्यात होती. पुरातला ट्रॅक्टर म्हणजे वर्ज्य, असं नाही. यंत्र साधं आहे. पाणी उतरल्यावर चालू न करता सगळी ऑइलं, फिल्टर, डिझेल बदललं असेल तर तो चांगला चालतो. पाणी आत असताना कुणी सेल्फ मारला असेल तर मात्र पाणी दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. मालकाने पुराचं सांगितलं नाही तर गाळ सांगतो. हेडलाइटच्या आत, सीटखालच्या खोबणीत, मडगार्डच्या दुहेरी पत्र्याच्या मध्ये, वायरिंगच्या नळीत पंप मारूनही गाळ जात नाही. मीटरच्या काचेच्या आत पाण्याची रेघ असेल तर पाणी कुठपर्यंत होतं तेही समजतं. अशा ट्रॅक्टरचं वायरिंग, सेल्फ आणि अल्टरनेटर नवे धरूनच भाव करा.

रंगाचंही इथेच. रबरी पाइप, ग्रीस निपल आणि बोल्टच्या डोक्यांवरही रंग बसलेला असेल तर पूर्ण ट्रॅक्टर फवारलाय. रंग मारणं गुन्हा नाही, पण वेल्डिंगवर मारलेला रंग नखाने खरवडून बघायला लाजू नका.

लोडवर एक तास

वरचं सगळं जमलं तर रोटाव्हेटर किंवा भरलेली ट्रॉली लावून तासभर चालवा. पाण्याचा काटा मध्यावर स्थिर राहायला हवा. गरम झाल्यावर इंजिन मंद करा आणि ऑइल प्रेशरचा दिवा लुकलुकतो का बघा. लुकलुकला तर बेअरिंग किंवा ऑइल पंप. मग बंद करून पाच मिनिटांनी पुन्हा सेल्फ मारा. थंड असताना पटकन उठणारा आणि गरम झाल्यावर न उठणारा ट्रॅक्टर बहुधा डिझेल पंपाच्या झिजेचा असतो.

इंजिन झिजलेलं निघालं तरी घाबरून पळायचं कारण नाही. शिवाजी उद्यमनगरात बोअर, क्रँक ग्राइंडिंग, लायनर बसवणं ही कामं पिढ्यान्‌पिढ्या होत आलीत. आधी तिथून खर्चाचा आकडा घ्या, तो किमतीतून वजा करा. क्राऊन-पिनियन आणि हाउसिंगच्या तड्याचं मात्र तसं नाही. तिथे सुटे भाग मिळणाऱ्या, आसपास भरपूर चालणाऱ्या मॉडेललाच हात घाला.

कागद

चेसिस आणि इंजिन नंबर आरसीशी अंक-अंक जुळवा, कागदावर पेन्सिलने छाप घ्या. इंजिन बदललेलं असेल तर आरसीवर नोंद हवी. परिवहनच्या ॲपवर नंबर टाकून बोजा, विमा आणि नोंदणीची मुदत बघा. नोंदणी १५ वर्षांची असते, पुढे नूतनीकरण लागतं. बोजा असेल तर बँकेचं ना-देय पत्र आणि बोजा उतरवण्याचा फॉर्म ३५ हातात आल्याशिवाय पूर्ण रक्कम देऊ नका. कारखान्याशी वाहतुकीचा करार करून उचल घेतलेली असते, तिचा हिशेब मिटल्याचं लेखी घ्या. ती आरसीवर दिसत नाही.

हस्तांतरणाला फॉर्म २९ आणि ३० वर विकणाऱ्याच्या सह्या लागतात. निपाणी-चिकोडीकडचा केए-२३ ट्रॅक्टर स्वस्त वाटतो, पण तिथल्या आरटीओची एनओसी, म्हणजे फॉर्म २८, आणि एमएच-०९ ची नवी नोंदणी यात वेळ आणि पैसा जातो, तो भावात धरा. ट्रॉलीचा नंबर आणि आरसी वेगळी असते. ट्रॅक्टरसोबत "ट्रॉली फ्री" मिळत असेल तर तिचे कागद आधी मागा.

घरी आणल्यावर पहिल्याच दिवशी इंजिन ऑइल, तिन्ही फिल्टर (ऑइल, डिझेल, हवा) आणि हबची ग्रीस बदला, आणि मीटरवरचा आकडा वहीत लिहा. जुना ऑइल फिल्टर टाकून देऊ नका. तो कापून घडी उलगडा आणि उन्हात धरा. चमकणारे कण दिसले तर पुढच्या हंगामाआधी मेकॅनिककडे बेअरिंगची वेळ ठरवून टाका.